आईच्या पिढीची नायिका

'गेट : द ट्रायल ऑफ व्हिव्हियान आम्सालेम' या चित्रपटाच्या पहिल्या काही क्षणांत व्हिव्हियान आपल्याला दिसतच नाही. रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयातली उघडीबोडकी खोली आहे. वकील बोलतो, नवरा गप्प बसतो, न्यायाधीश उलटसुलट विचारतात, आणि ज्या बाईबद्दल हे सगळं चाललंय ती चौकटीबाहेर बसलेली आहे. ती तिथेच आहे हे बोलणाऱ्यांच्या नजरांवरून कळतं. मग ती समोर येते: काळे कपडे, मागे घट्ट बांधलेले काळेभोर केस, रंग उडालेला चेहरा. तोपर्यंत तिच्याविषयी बरंच काही बोलून झालेलं असतं.

हा चित्रपट २०१४ चा. व्हिव्हियानची भूमिका रोनित एल्काबेत्झने केली आहे, आणि आपला भाऊ श्लोमी याच्या बरोबरीने तो लिहिला आणि दिग्दर्शितही केला आहे. म्हणजे स्वतःला असं चौकटीबाहेर बसवण्याचा निर्णय तिचा स्वतःचा. दोघा भावंडांनी या चित्रपटासाठी एक नियम घालून घेतला होता. प्रत्येक दृश्य त्या खोलीतल्या कुणा ना कुणा पात्राच्या नजरेतूनच दिसेल. तिऱ्हाईत म्हणून कोपऱ्यात उभा राहणारा कॅमेरा तिथे नसेल. त्यामुळे व्हिव्हियान आपल्याला दिसते ती कधी नवऱ्याला दिसते तशी, कधी न्यायाधीशांना दिसते तशी, कधी तिच्या वकिलाला. आणि ती मान वर करून पाहते तेव्हा आपण तिच्या डोळ्यांनी त्या पुरुषांकडे पाहू लागतो.

सुमारे पंचवीस वर्षांची ही कारकीर्द या नियमापर्यंत चालत आली, असं मला वाटतं आणि हे पुस्तक त्याच समजुतीवर उभं आहे. सुरुवातीला इतरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना जे दिसलं ते पडद्यावर ठेवलं. पुढे तिने कोण पाहणार, कुठून पाहणार, हे स्वतः ठरवायला घेतलं. आणि ते ठरवताना केंद्रस्थानी बसवली आपल्या आईच्या पिढीची बाई. इस्रायली पडद्यावर त्या बाईला तोवर फार तर स्वयंपाकघरात, नाही तर थट्टेच्या प्रसंगात जागा मिळत असे.

रोनितचा जन्म २७ नोव्हेंबर १९६४ चा, बीरशेबाचा. वाढली ती हैफाजवळच्या किर्यात याममध्ये. आईवडील मोरोक्कोहून आलेले, घराणं मूळचं अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या एस्सावीरा या बंदराचं. वडील टपाल खात्यात, आई केस कापण्याचं काम करणारी. चार भावंडांत रोनित थोरली. घरात मोरोक्कन अरबी, फ्रेंच आणि हिब्रू अशा तिन्ही भाषा एकाच वेळी नांदत. या तीन भाषा पुढे तिच्या चित्रपटांत भांडणार आहेत. तिची व्हिव्हियान नवऱ्याशी बोलता बोलता हिब्रूतून फ्रेंचमध्ये जाते. फ्रेंच तिचा स्वाभिमान जपते आणि अरबी तिला घरच्यांच्या गोतावळ्यात परत ओढते.

अरब देशांतून आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यूंना इस्रायलमध्ये मिझराही म्हणतात. १९५० च्या दशकात ते लाखोंनी आले. त्यांना आधी तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्यांत ठेवलं गेलं, मग त्यांतल्या पुष्कळांना देशाच्या कडेकडेला उभारलेल्या नव्या वसाहतींत पाठवलं गेलं. सत्ता, विद्यापीठं, रंगभूमी, वर्तमानपत्रं मुख्यतः युरोपातून आलेल्या अश्कनाझींच्या हाती होती. १९५९ मध्ये हैफाच्या वादी सालिब वस्तीत मोरोक्कन ज्यूंचा उद्रेक झाला. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मिझराही तरुणांनी अमेरिकेतल्या चळवळीवरून नाव घेऊन आपली 'ब्लॅक पँथर्स' संघटना काढली. पडद्यावर मात्र मिझराही माणूस बहुधा हसवायलाच येई. एफ्राइम किशोनच्या 'सल्लाह शबाती' (१९६४) या गाजलेल्या चित्रपटातला पूर्वेकडून आलेला निर्वासित हाइम टोपोल या अश्कनाझी नटाने रंगवला. पुढे दोनएक दशकं अशा चित्रपटांची लाटच आली. त्यांना 'बुरेकास' चित्रपट म्हणत; बुरेकास म्हणजे तिकडे गल्लोगल्ली मिळणारा खारा पफ. एला शोहात यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या लाटेची कठोर चिकित्सा केली. पुढच्याच वर्षी रोनित पडद्यावर आली.

अभिनयाचं शिक्षण तिने घेतलेलं नव्हतं. ती मॉडेलिंग करत होती. डॅनियल वाक्समानच्या 'द अपॉइंटेड' (१९९०) या चित्रपटाच्या चाचणीला गेली तेव्हा ही जाहिरातीची निवड आहे अशी तिची समजूत होती. मोठे डोळे, रुंद कपाळ, खर्जातला आवाज, उंच बांधा: दिग्दर्शकांना या चेहऱ्यात गूढ काहीतरी दिसे आणि भूमिकाही तशाच मिळत. त्या काळातली खरी महत्त्वाची भूमिका 'श्खूर'मधली (१९९४). हाना अझुलाय-हास्फारी यांनी आपल्या बालपणावरून लिहिलेली ही कथा शमुएल हास्फारी यांनी दिग्दर्शित केली. मोरोक्कोहून आलेलं कुटुंब, घरात चालणारे जादूटोण्याचे विधी, शहरात शिकून मोठी झालेली धाकटी मुलगी आणि मनोरुग्णालयात राहणारी थोरली बहीण पनीना. पनीना रोनितने केली. चित्रपटावर वाद झाला. मोरोक्कन समाजाला अंधश्रद्ध दाखवून पुन्हा एकदा हिणवलंय, असं अनेकांचं म्हणणं होतं. ते सगळं गैरलागू होतं असं मी म्हणणार नाही. पण पनीनाला रोनित दयेचा विषय होऊ देत नाही. कुटुंबाने विसरायचं ठरवलेली प्रत्येक गोष्ट या वेड्या ठरवलेल्या बहिणीच्या अंगात मुरून राहिली आहे, हे तिच्या हालचालींतून कळतं. या भूमिकेने तिला ओफिर पारितोषिक मिळालं. इस्रायली चित्रपटसृष्टीचा हा सर्वांत मोठा मान पुढे 'लेट मॅरेज' आणि 'द बँड्स व्हिजिट' यांसाठीही तिच्याकडे आला.

नाव झालं आणि ती देश सोडून निघाली. १९९७ मध्ये पॅरिसला गेली, आरियान म्नुश्किन यांच्या 'थिएत्र द्यु सोलेइ' या नाट्यसंस्थेत शिकली, नर्तकी मार्था ग्रॅहमवरचा एकपात्री प्रयोग तिने आविन्योंच्या महोत्सवात केला. तिथून पुढे ती कायमच दोन देशांत विभागून राहिली. फ्रान्समध्ये आंद्रे तेशिने यांच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन'मध्ये (२००९) ती दिसली, अभिनेत्री फानी आर्दांने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात (२००९) मध्यवर्ती भूमिका तिचीच होती. माझ्या मते तिचं थोर काम फ्रेंच चित्रपटांत नाही. पॅरिसने तिला मायदेशाकडे लांबून पाहण्याची सोय करून दिली, आणि तिच्या आईच्या बोलण्यातली फ्रेंच ही हलक्यात काढण्याजोगी गोष्ट नव्हे, याची खात्री.

'लेट मॅरेज' (२००१) हा डोव्हर कोसाश्विलीचा चित्रपट. जॉर्जियाहून आलेलं ज्यू कुटुंब, तिशी ओलांडलेला मुलगा झाझा, त्याच्यासाठी चाललेली मुली बघण्याची मोहीम. मराठी वाचकाला पहिली वीस मिनिटं अगदी ओळखीची वाटतील: बैठकीच्या खोलीत समोरासमोर मांडलेली दोन कुटुंबं, मधे चहा-फराळ, आणि मुलामुलीला बोलायला म्हणून आत पाठवणं. झाझाचं प्रेम आहे ज्युडिथवर. ती त्याच्याहून वयाने मोठी, घटस्फोटित, एका लहान मुलीची आई. रोनितची ज्युडिथ आणि लिओर अश्कनाझीचा झाझा यांचा शय्येवरचा दीर्घ प्रसंग फार गाजला. त्यातला मोकळेपणा, हसणं, खाणंपिणं, चिडवणं पाहिलं की वर्षानुवर्षांचं सहजीवन डोळ्यांपुढे येतं. त्यानंतर काही वेळाने मुलाचं सगळं खानदान तिच्या घरात घुसतं. ओरडणं, धमक्या, अपमान. ज्युडिथ फारसं बोलत नाही. ती झाझाकडे पाहते. तो आईबापांपुढे मान खाली घालून उभा आहे हे तिला दिसतं, आणि त्या पाहण्यात सगळं नातं संपून जातं. 'गेट'मधली व्हिव्हियान मला इथे पहिल्यांदा दिसली.

त्यानंतरच्या दशकात केरेन येदायाचे दोन चित्रपट येतात. 'ऑर'मध्ये (२००४) ती तेल अवीवच्या रस्त्यावर देहविक्रय करणारी रुथी आहे. तिला त्या धंद्यातून बाहेर काढायला धडपडणारी किशोरवयीन मुलगी दाना इव्गीने केली. कॅमेरा एका जागी खिळलेला, माणसं चौकटीतून ये-जा करतात. कान महोत्सवात या चित्रपटाला पदार्पणासाठीचा 'कॅमेरा द'ऑर' मिळाला. 'जाफा'त (२००९) याच दोघी पुन्हा मायलेकी आहेत. तिथे मुलीचं प्रेम अरब मेकॅनिकवर आहे आणि आई त्या घराच्या सगळ्या भीतींची राखणदार. मिखाल अवियाडच्या 'इनव्हिजिबल'मध्ये (२०११) एकाच माणसाच्या अत्याचाराला बळी पडलेल्या दोन स्त्रिया वीस वर्षांनी भेटतात. कथेमागे सत्तरच्या दशकातली तेल अवीवची खरी प्रकरणं आहेत. या तिन्ही भूमिकांवर पुढे स्वतंत्र लिहिलं आहे. इथे एवढंच नोंदवतो की नायिका आवडावी म्हणून रोनित काहीच करत नाही. रुथी आळशी आहे, खोटं बोलते, मुलीच्या जिवाला घोर लावते. तरी तिच्यावरून नजर हलत नाही.

जगभरच्या प्रेक्षकांनी तिला ओळखलं ते 'द बँड्स व्हिजिट'मुळे (२००७). इजिप्तच्या अलेक्झांड्रिया पोलिसांचं वाद्यवृंद पथक पेताह तिक्वा ऐवजी बेत हातिक्वा नावाच्या काल्पनिक, ओसाड गावी पोचतं. परतीची बस दुसऱ्या दिवशी. गावात एक खाणावळ, तिची मालकीण दिना. एरान कोलिरिनच्या या चित्रपटात दिना कलिंगड कापते, पाहुण्याला न्याहाळते, जिथे झाडही नाही अशा जागी बसून ही आमची बाग म्हणते, आणि संयमी, वयस्क बँडप्रमुख तौफिकला सांगते की लहानपणी शुक्रवारी दुपारी टीव्हीवर अरबी चित्रपट लागायचे, ओमर शरीफ आणि फातेन हमामाचे, आणि सगळं गाव ओस पडायचं. हे खरंच होतं. इस्रायलच्या सरकारी दूरचित्रवाणीवर शुक्रवारी अरबी चित्रपट लागत आणि मिझराही घरं ते डोळ्यांत प्राण आणून पाहत. शत्रुराष्ट्राचे नट त्यांच्या घरचे होते. दिनाच्या तोंडी ही आठवण येते तेव्हा रोनितचा आवाज अगदी लहान मुलीसारखा होतो. तौफिक वाद्यवृंद चालवताना हात कसे हलतात ते दाखवतो आणि दिना त्याच्यासमोर तेच हात हवेत हलवून पाहते. दोघांमध्ये यापलीकडे जवळपास काही घडत नाही. या चित्रपटात इंग्रजी संवाद जास्त आहेत म्हणून परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर स्पर्धेतून तो बाद झाला. खरं तर मोडक्या इंग्रजीवाचून या दोघांपाशी दुसरी वाटच नव्हती. पुढे त्यावरून ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं आणि त्याने २०१८ मध्ये दहा टोनी पुरस्कार मिळवले.

हा चित्रपट ज्या गावात चित्रित झाला ते यरुहाम, नेगेवच्या वाळवंटातली वसाहत. यरुहाम, दिमोना अशा गावांत मोरोक्कन घरांच्या शेजारी रायगडच्या किनाऱ्यावरून आणि मुंबईहून गेलेली बेने इस्रायल ज्यू कुटुंबं राहतात. तिथे मराठी बोलली जाते, कीर्तनं झाली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. अवी नेशरच्या 'टर्न लेफ्ट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड' (२००४) या चित्रपटात भारतीय आणि मोरोक्कन शेजाऱ्यांची हीच कथा आहे. परमीत सेठी आणि कृत्तिका देसाई त्यात आहेत. रोनित त्यात नाही, पण तिच्या दिनाचं गाव समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

आणि रब्बींच्या सत्तेशी बेने इस्रायलींचाही संबंध आला होता. इस्रायलमध्ये ज्यूंसाठी नागरी विवाह नाही. १९५३ च्या कायद्याने लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे आदेश मुख्य रब्बींच्या कार्यालयातून निघाले. कोकणातून गेलेल्या माणसांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, आणि सरकारला द्यावा लागला. व्हिव्हियान ज्या खुर्चीत बसते तिथे आपल्या मुलुखातल्या कुणाची लेक बसलेली असणं अगदी शक्य आहे.

व्हिव्हियानची चित्रत्रयी हा या पुस्तकाचा गाभा. भावंडांनी ती आपल्या आईच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन लिहिली. पहिला 'टू टेक अ वाइफ' (२००४): हैफा, १९७९, शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधीचे तीन दिवस. सुरुवातीलाच व्हिव्हियानचे भाऊ तिच्याभोवती गराडा घालून नवऱ्याकडे नांदण्यासाठी तिला रात्रभर समजावतात. कॅमेरा तिच्या चेहऱ्याला इतका चिकटलेला की श्वास घ्यायला जागा नाही. दुसरा 'सेव्हन डेज' (२००८): १९९१, आखाती युद्ध, इराकी क्षेपणास्त्रांची भीती, एका भावाच्या मृत्यूनंतर सात दिवसांचं सुतक. सगळं कुटुंब एका घरात जमिनीवर झोपलेलं, आणि दफनविधीला आलेली माणसं तोंडावर गॅस मास्क लावून रडतात. मग 'गेट'.

'गेट'मध्ये खटला पाच वर्षं चालतो आणि चित्रपट त्या न्यायालयाच्या इमारतीबाहेर पाऊल टाकत नाही. धर्मशास्त्रानुसार घटस्फोटाचं पत्र, म्हणजेच 'गेट', नवऱ्याने स्वखुशीने पत्नीच्या हातात ठेवावं लागतं. तो देत नसेल तर न्यायालय त्याच्यावर दडपण आणू शकतं, तुरुंगातही पाठवू शकतं, पण त्याच्याऐवजी विवाह मोडू शकत नाही. व्हिव्हियानचा नवरा एलिशा (सिमोन अब्कारियान) मारझोड करत नाही, दारू पीत नाही, पैसे उडवत नाही. तो धर्मपरायण आहे. साक्षीदार एकामागून एक येऊन सांगतात, चांगला माणूस आहे. व्हिव्हियानचं म्हणणं एवढंच की आमचं जमत नाही, माझं त्याच्यावर प्रेम नाही, आणि हे कारण त्या खोलीत कारण म्हणून गणलंच जात नाही. एलिशाची बाजू मांडणारा त्याचा भाऊ सासोन गाबाइने रंगवलाय, तोच 'बँड्स व्हिजिट'मधला तौफिक. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला त्याचा चांगलाच धक्का बसतो.

रोनितचं इथलं काम बसण्याचं आहे. दोन तासांच्या आसपासच्या चित्रपटात ती बहुतेक वेळ खुर्चीत आहे. एका प्रसंगी ती सहज केस मोकळे सोडते, बोटं फिरवते, आणि न्यायाधीश तिला केस बांध म्हणून दरडावतो. तेवढ्या हालचालीत त्या खोलीचा सगळा कायदा उघडा पडतो. ती खूप उशिरा ओरडते, आणि ओरडते तेव्हा इतक्या वर्षांचं गप्प बसणं त्या आवाजात असतं. २०१५ च्या सुरुवातीला हा चित्रपट रब्बी न्यायाधीशांच्या वार्षिक परिषदेत दाखवला गेला. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांनीच तो बसून पाहिला. असं भाग्य फार थोड्या कलाकृतींना लाभतं. कायदा मात्र तसाच आहे.

दूरचित्रवाणीवर तिचं काम कमी आहे. इस्रायली मालिका जगभर गाजू लागल्या त्याच काळात ती चित्रपटांत गुंतलेली होती. तरी आर्ते वाहिनीच्या 'त्रेपालियुम' (२०१६) या सहा भागांच्या फ्रेंच मालिकेसाठी या पुस्तकात एक प्रकरण राखलं आहे. भविष्यातलं शहर, मधोमध भिंत, एका बाजूला नोकरी असलेले मूठभर, दुसऱ्या बाजूला बेकार बहुसंख्य. रोनित तिथली पंतप्रधान. आयुष्यभर सत्तेपुढे बसलेल्या बाया केल्या, आणि इथे ती सत्तेच्या खुर्चीत आहे. तेच स्थिर डोळे, तोच खालचा सूर, पण आता समोरचा माणूस अस्वस्थ होतो. फेब्रुवारीत मालिका प्रसारित झाली. १९ एप्रिल २०१६ रोजी कर्करोगाने ती गेली. वय ५१. जुळी मुलं तेव्हा लहान होती.

श्लोमीने तिच्यासोबत केलेल्या चित्रीकरणातून आणि घरच्या फितींतून 'काये न्वार' हा दोन भागांचा माहितीपट केला. २०२१ मध्ये तो कानला दाखवला गेला. त्यात आजारी असूनही 'गेट'च्या प्रसिद्धीसाठी देशोदेशी फिरणारी रोनित आहे. ते पाहणं सोपं नाही, आणि मी तो शेवटी पाहा असं सांगेन.

बाकीच्या चित्रपटांसाठीही माझा एक क्रम आहे. पुष्कळजण 'गेट'पासून सुरुवात करतात, कारण तोच सहज मिळतो. तसं करू नये. आधी 'द बँड्स व्हिजिट' पाहावा म्हणजे तिचा आवाज कानात बसतो. मग 'लेट मॅरेज', तिथे ती कशी पाहते ते कळतं. त्यानंतर चित्रत्रयी सलग, पहिल्यापासून, शक्यतो लागोपाठच्या दिवशी. १९७९ मध्ये भावांच्या गराड्यात बसलेली व्हिव्हियान ज्याने पाहिली आहे, त्यालाच न्यायालयातल्या व्हिव्हियानच्या मौनात किती वर्षं साठली आहेत हे मोजता येईल.